वावरात टोटल स्टेशन दिवसभर चालवायचं तर: बाहेरची बॅटरी जोडण्याची पद्धत

मोजणीच्या कामात नव्याने उतरणाऱ्याकडे बहुतेक वेळा जुनं टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) असतं. सेकंडहँड घेतलेलं, यंत्र ठणठणीत, पण बॅटरी थकलेली. सकाळी फुल दाखवते आणि दोन गट नंबर उरकेपर्यंत लाल होते. कंपनीची नवी बॅटरी महाग, काही जुन्या मॉडेलची तर आता मिळतही नाही. मग कोणीतरी सांगतं, "बाहेरून बारा व्होल्ट दे ना, काही होत नाही." सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. बारा व्होल्टची म्हणून विकली जाणारी बॅटरी बारा व्होल्टवर क्वचितच असते. कधी साडेअकरा, कधी पावणेतेरा, चार्जरवरून नुकती काढली असेल तर चौदाच्या जवळ. यंत्राला यातलं काय चालतं हे आधी कळलं, तर पुढची सगळी जोडणी तासाभराचं काम आहे.

दुसरं कारण आपल्या भागाचंच. हल्ली रोव्हर, म्हणजे हातात घेऊन फिरायचा जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा काढणारा) रिसीव्हर, मोबाईल नेटवरून कॉर्स स्टेशनचं, म्हणजे कायम एका जागी बसवलेल्या रिसीव्हरचं, करेक्शन (चूक दुरुस्तीची माहिती) घेतो, त्यामुळे वर्धा-अमरावतीच्या सपाटीवर खिशातल्या बॅटरीवर दिवस निघतो. धारणीच्या पुढे मेळघाटात किंवा एटापल्ली-भामरागडकडे गेलात की कित्येक ठिकाणी मोबाईलला रेंज नाही. तिथे स्वतःचा बेस (एका जागी ठेवलेला दुसरा रिसीव्हर) उभा करून रेडिओने करेक्शन पाठवावं लागतं, आणि तो रेडिओ यंत्राच्या आतल्या बॅटरीवर भागत नाही.

पहिली पायरी: यंत्राला काय चालतं ते वाचा

यंत्राच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांवर तांत्रिक माहितीचा तक्ता असतो. त्यात बाहेरच्या पुरवठ्याची वेगळी ओळ शोधा. आतल्या बॅटरीचं व्होल्टेज आणि बाहेरच्या प्लगला चालणारं व्होल्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवख्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो.

उदाहरण म्हणून लायकाची फ्लेक्सलाइन मालिका घ्या. आत ७.४ व्होल्टची लिथियम बॅटरी बसते. बाहेरच्या प्लगसाठी मात्र पुस्तिका १२.८ व्होल्ट सांगते आणि मर्यादा देते ११.५ ते १३.५. म्हणजे खाली-वर मिळून दोनच व्होल्टची जागा. जीएनएसएस रिसीव्हर याबाबतीत बरेच दिलदार असतात. कित्येकांना ९ ते २८ व्होल्ट असा रुंद पट्टा चालतो. पण "रिसीव्हरला चाललं म्हणजे टोटल स्टेशनलाही चालेल" हा हिशेब करू नका.

काही जुन्या यंत्रांत बाहेरच्या पुरवठ्याचा वेगळा प्लगच नसतो. त्यांना मेलेल्या बॅटरीच्या खोक्यातून, म्हणजे आतले सेल काढून रिकाम्या खोक्याच्या पत्र्यांना वायर जोडून, पुरवठा देतात. इथे यंत्राला आतल्या बॅटरीइतकंच व्होल्टेज लागतं. ७.२ व्होल्टच्या निकेल बॅटरीत सहा सेल असतात आणि ती पूर्ण भरल्यावर साडेआठच्या आसपास जाते, म्हणून यंत्र तेवढं सोसतं. त्यावर थेट बारा व्होल्ट दिले तर आतला बोर्ड जाईल, आणि त्या बोर्डाच्या किमतीत दुसरं सेकंडहँड यंत्र येईल. आतली बॅटरी ६ व्होल्टची असेल तर इमर्जन्सी लाइटमध्ये येते ती ६ व्होल्ट ४.५ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास) सीलबंद बॅटरी जवळपास बसते. भरल्यावर ती ६.४ च्या आसपास असते. ७.२ व्होल्टच्या यंत्राला मात्र ती अपुरी पडते.

पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा डीलरकडे मॉडेल नंबर सांगून मिळते. मिळेपर्यंत काही जोडू नका.

दुसरी पायरी: दिवसाचा हिशेब मांडा

हिशेब वॅट-तासात करा, एएचमध्ये नको. ७.४ व्होल्टचे ४ एएच आणि १२ व्होल्टचे ४ एएच सारखे नसतात. व्होल्ट गुणिले एएच म्हणजे वॅट-तास.

७.४ व्होल्ट, ४.४ एएचच्या बॅटरीत साधारण साडेबत्तीस वॅट-तास असतात. नवी असताना त्यावर यंत्र सहा-सात तास चालत असेल तर यंत्राची भूक पाच वॅटच्या आसपास आली. हाताने फिरवायच्या टोटल स्टेशनला हा आकडा धरून चला. मोटर लावलेलं, प्रिझमच्या (मोजायच्या बिंदूवर धरायच्या आरशाच्या) मागे स्वतः फिरणारं यंत्र याच्या दुप्पट-तिप्पट खाऊ शकतं. नुसता जीएनएसएस रिसीव्हर तीन ते पाच वॅटवर भागतो.

आता १२ व्होल्ट ८ एएचची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी घ्या. कागदावर ९६ वॅट-तास. पण लेड-ॲसिड रोज तळापर्यंत उपसली तर वर्षभरात बसते, म्हणून निम्मीच वापरायची. हाती आले ४८. पाच वॅटला भागलं तर नऊ-साडेनऊ तास. मध्ये व्होल्टेज कमी करणारं मॉड्यूल असेल तर त्याचा दहा-पंधरा टक्के खर्च वजा करा, तरी आठ तास राहतात. म्हणजे एका टोटल स्टेशनला एक छोटी बॅटरी दिवसभर पुरते. नवखे लोक भीतीपोटी मोटारगाडीची बॅटरी वाहून नेतात आणि पांदण रस्त्यावर चिखलात कंबर मोडून घेतात. तेवढी गरज नाही.

रेडिओचं गणित निराळं. ३५ वॅटचा बाहेरचा रेडिओ प्रसारण करताना शंभर वॅटच्या घरात ओढतो. तो सतत प्रसारण करत नाही, दर सेकंदाला थोडा वेळ करतो, त्यामुळे सरासरी बरीच खाली येते. सरासरी ४० वॅट धरली आणि सहा तास काम करायचं असेल तर २४० वॅट-तास झाले. लेड-ॲसिड निम्मीच वापरायची म्हटल्यावर १२ व्होल्ट ४० एएच लागेल. पण आधी विचारा की ३५ वॅटची गरज आहे का. बेस उंचावर, अँटेना पोलवर आणि रोव्हर दीड-दोन किलोमीटरच्या आत असेल तर रेडिओ कमी पॉवरवर टाका. बॅटरी निम्म्याहून जास्त वाचते. प्रसारण करणाऱ्या रेडिओला परवाना लागतो, तो डीलरकडून कागदासकट समजून घ्या.

तिसरी पायरी: बॅटरी कोणती?

आपल्याकडे याचं उत्तर कृषी केंद्रात आहे. कपाशी-सोयाबीनवर फवारणी करायचा जो पाठीवरचा बॅटरी पंप असतो, त्यात १२ व्होल्ट ८ एएच किंवा १२ एएचची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. ती सुटी मिळते, तालुक्याच्या ठिकाणी केव्हाही मिळते, ८ एएचचीचं वजन अडीच किलोच्या आसपास, आणि आडवी पडली तरी ॲसिड सांडत नाही. एखाद्या दिवशी तुमची बॅटरी दगा देईल तेव्हा ज्याचं वावर मोजताय त्याच्याच घरच्या पंपातली बॅटरी तासाभरासाठी मागता येते. ऑनलाइन मागवलेल्या कुठल्याही भारी पॅकमध्ये ही सोय नाही. फक्त फवारणीच्या दिवसांत मागू नका, तिची त्यांना तुमच्याहून जास्त गरज असते. आणि आणलेली बॅटरी ओल्या फडक्याने पुसून मगच हाताळा. पंपातल्या बॅटरीवर औषधाचे ओघळ असतात.

थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट, बाजारात तिला एलएफपी म्हणतात. त्याच क्षमतेला वजन जवळपास निम्मं, आणि ऐंशी-नव्वद टक्के उपसली तरी चालते. तिचा खरा गुण वेगळाच आहे. चार सेलचा पॅक विसावल्यावर १३.३-१३.४ व्होल्टवर असतो आणि जवळजवळ संपेपर्यंत पावणेतेराच्या आसपास टिकतो. वर सांगितलेल्या ११.५ ते १३.५ च्या पट्ट्यात तो चपखल बसतो. याउलट मोबाईलच्या जातीच्या लिथियम सेलचा तीन सेलवाला पॅक, ज्यावर ११.१ व्होल्ट लिहिलेलं असतं, तो भरल्यावर १२.६ आणि निम्म्याच्या आसपास आला की साडेअकराच्या खाली. अशा यंत्रावर तो अर्धा भरलेला असतानाच यंत्र "बॅटरी लो" म्हणून बंद पडेल, आणि तुम्ही बॅटरीवाल्याशी भांडत बसाल.

एलएफपी घेताना आत बीएमएस आहे ना, हे विचारा. सेलचं जास्त भरणं, जास्त उपसणं आणि शॉर्ट यापासून तोच वाचवतो. रेडिओ चालवायचा असेल तर बीएमएस किती अँपिअर सोडतो तेही विचारा. दहा अँपिअरच्या आतला असेल तर रेडिओच्या झटक्याला तो पुरवठा तोडू शकतो.

मोबाईलची पॉवर बँक चालेल का, हे हमखास विचारलं जातं. नवीन रिसीव्हर आणि कंट्रोलर टाइप-सी वायरवर चार्ज होतात, त्यांना उत्तम. टोटल स्टेशनसाठी मात्र पॉवर बँकेतून बारा व्होल्ट काढायला ट्रिगर वायर लागते, प्रत्येक पॉवर बँक बारा व्होल्ट देतेच असं नाही, आणि यंत्र स्टँडबायमध्ये गेलं की ओढ कमी झाल्यामुळे कित्येक पॉवर बँका स्वतःहून बंद होतात. मी त्या वाटेला जाणार नाही.

ट्रॅक्टर किंवा बोलेरोची बॅटरी बेसच्या रेडिओला चालते, एका अटीवर: इंजिन बंद पाहिजे. इंजिन चालू असताना अल्टरनेटर चौदा-साडेचौदा व्होल्ट देतो, सेल्फ मारताना व्होल्टेज नऊ-दहापर्यंत कोसळतं, आणि मध्येच वायर ढिली झाली तर त्याहून मोठे झटके येतात. ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा. तो एसी लावून बसायचा म्हणून गाडी सुरू करतोच.

सोलर पंपाच्या पॅनलमधून, झटका मशीनमधून तार ओढायचा मोह होतो. सोलर पंपाच्या पॅनलच्या माळेत शेकडो व्होल्टचा डीसी असतो. त्याला हातही लावू नका. झटका मशीनची १२ व्होल्टची बॅटरी दिवसा मोकळी दिसते, पण ती काढली आणि संध्याकाळी परत जोडायची राहिली तर रात्री रानडुकरं वावर साफ करतील. मालकाने स्वतः दिली तरच घ्या. आणि कुंपणाची तार चालू असेल तर ट्रायपॉड, स्टाफ (मोजणीची काठी), बॅटरीची वायर यातलं काहीही तिला टेकू देऊ नका.

चौथी पायरी: वायर, फ्यूज, प्लग

तालुक्याच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात यातलं बहुतेक सामान मिळतं, आणि डाग द्यायला तिथला माणूस तुमच्यापेक्षा सरस असतो. लागतं ते असं: दोन मीटर लाल-काळी जोडवायर, पट्टी फ्यूज आणि त्याचा होल्डर, बॅटरीला बसणारे चपटे थिंबल, श्रिंक स्लीव्ह, आणि यंत्राचा प्लग.

वायर किती जाड? तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरला मीटरमागे साधारण ०.०१७५ ओहम रोध असतो. दोन मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर, रोध ०.०७ ओहम. टोटल स्टेशन अर्धा अँपिअर ओढतं, म्हणजे वायरमध्ये ०.०३५ व्होल्ट पडले, दुर्लक्ष करा. त्याच वायरवर रेडिओने आठ अँपिअर ओढले तर अर्ध्या व्होल्टहून जास्त वायरमध्येच गेला, आणि रेडिओ दर प्रसारणाला रिसेट होऊ लागेल. त्यामुळे टोटल स्टेशनला १ चौरस मिलिमीटर पुरे, रेडिओला किमान २.५ किंवा ४, आणि लांबी शक्य तितकी कमी. दुकानात स्वस्त वायर मागितली की तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची हाती पडते. टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात, यंत्राजवळ नाही. फ्यूज वायर वाचवायला असतो. लहानशी ८ एएचची बॅटरी शॉर्ट झाली तरी शंभर-दीडशे अँपिअर सहज सोडते. दप्तरात वायर सोलली गेली तर दप्तर पेटतं. टोटल स्टेशनला २ अँपिअरचा फ्यूज, ३५ वॅटच्या रेडिओला त्याच्या पुस्तिकेत लिहिलेला. फ्यूज उडाला म्हणून चांदीचा कागद गुंडाळून काम रेटणारे लोक आहेत, त्यांचं यंत्र विकत घेऊ नका.

यंत्राकडचा प्लग बहुधा गोल, ढकलून बसणारा असतो. लेमो किंवा हिरोस या नावाने तो ओळखतात. त्याच प्लगमधून कित्येक यंत्रांत वीजही जाते आणि डेटाही. कुठल्या पिनवर काय, हे पुस्तिकेतल्या आकृतीवरूनच ठरवायचं, आणि ती आकृती यंत्राकडून बघितलेली आहे की केबलकडून, हेही तपासायचं; उलटं वाचलं तर पिना आरशासारख्या बदलतात. पिना इतक्या जवळजवळ असतात की घरी डाग देताना हात थरथरला तर दोन पिना जुळतात. माझं मत असं की यंत्राकडचा भाग तयार केबलचाच घ्यावा आणि बॅटरीकडचाच भाग स्वतः करावा. प्लगवरचा लाल ठिपका यंत्रावरच्या ठिपक्यासमोर आणून सरळ ढकला. पिळू नका. काढताना वायर धरून ओढू नका, प्लगची बाही धरा.

बॅटरीच्या बाजूला चिमटे लावायची सवय घातक आहे. घाईत प्लस-मायनस उलटं लागतं ते चिमट्यांनीच. त्याऐवजी बॅटरीवर कायमचं, एकाच बाजूने बसणारं कनेक्टर बसवून टाका. ई-रिक्षावाल्यांकडे आणि आरसी खेळण्यांच्या दुकानात एक्सटी६० नावाचं पिवळं मिळतं, ते उलटं बसतच नाही. चार्जरलाही तेच लावा म्हणजे एकच जोड सगळीकडे चालतो. उलट्या पोलॅरिटीपासून वाचायला मध्ये डायोड टाकतात, पण साध्या डायोडमध्ये पाऊण व्होल्ट जातो आणि शॉटकी डायोडमध्येही ०.३ ते ०.५. ११.५ ची खालची मर्यादा असलेल्या यंत्राला हा तोटा परवडत नाही, म्हणून मी कनेक्टरवर भर देतो.

यंत्राला सात-साडेसात व्होल्टच लागत असतील तर मध्ये स्टेप-डाऊन मॉड्यूल हवं. बाजारात शंभर रुपयांच्या आत मिळणाऱ्या पाटीवर स्क्रूने व्होल्टेज लावायची सोय असते. ती हलली की व्होल्टेज हललं, आणि पाटी निकामी झाली तर कधी कधी सगळे बारा व्होल्ट सरळ पुढे जातात. जीप खड्ड्यात आदळणाऱ्या कामाला ही पाटी उघडी लावणं म्हणजे यंत्र जुगारावर लावणं. ठरावीक व्होल्टेजचं, सीलबंद, ओव्हरव्होल्टेज संरक्षण असलेलं मॉड्यूल घ्या. स्क्रूवालीच वापरायची असेल तर व्होल्टेज लावून स्क्रूवर लाखेचा थेंब टाका आणि पुढे फ्यूजसोबत झेनर डायोड लावून घ्या. रिवाइंडिंगवाला नाही, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा हे नीट करतो.

पाचवी पायरी: यंत्राआधी बल्बला जोडा

केबल तयार झाली की मल्टिमीटर घ्या. दोनशे-तीनशे रुपयांचा चालतो, पण त्याची आतली बॅटरी नवी पाहिजे, नाहीतर तो आकडे फुगवून दाखवतो.

आधी फ्यूज काढून, केबल कुठेही न जोडता, प्लस-मायनसमध्ये शॉर्ट नाही हे बघा. मग बॅटरी जोडा, फ्यूज घाला, आणि प्लगच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. लाल टोक प्लसच्या पिनवर असताना आकड्यापुढे वजा चिन्ह आलं तर पोलॅरिटी उलटी आहे, थांबा. आकडा पुस्तिकेतल्या वरच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तरी थांबा; चार्जरवरून नुकती काढलेली बॅटरी तासभर ठेवली की उतरते.

त्यानंतर लोड. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब पाऊण अँपिअरहून थोडं जास्त ओढतो, म्हणजे टोटल स्टेशनपेक्षा जास्तच. तो केबलच्या टोकाशी, म्हणजे प्लगच्या पिनांना जमेल तिथे, जोडून अर्धा तास पेटता ठेवा. सुरुवातीला आणि शेवटी व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या टोकांवर आणि प्लगवर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक येत असेल तर कुठेतरी जोड कच्चा आहे. हात लावून बघा, जो जोड कोमट लागेल तो. बॅटरीच्याच टोकावर व्होल्टेज अर्ध्या तासात साडेअकराच्या खाली गेलं तर बॅटरी थकलेली आहे, मग ती नवी म्हणून विकली असली तरी.

सगळं जमलं की यंत्र बंद ठेवून प्लग जोडा, मग यंत्र सुरू करा. आतली बॅटरी काढू नका. बहुतेक यंत्रं बाहेरचा पुरवठा असेल तर तो घेतात आणि तुटला तर आतल्यावर जातात; म्हणजे गुरं केबलमध्ये अडकली तरी जॉब (यंत्रातली मोजणीची फाइल) उडत नाही. तुमचं यंत्र असं करतं का, हे घरीच प्लग काढून बघा. वावरात नाही.

सहावी पायरी: वावरात मांडणी

बॅटरी ट्रायपॉडच्या पायाशी, सावलीत, जमिनीवर नाही. भट्टीसारख्या तापलेल्या काळ्या मातीवर ठेवलेल्या काळ्या खोक्याचं तापमान हवेपेक्षा खूप वर जातं. लाकडी पाट, पोत्याची घडी, काहीही खाली घाला. पावसाळ्यात तीच माती पाणी धरते, म्हणून प्लास्टिकचा झाकणाचा डबा. वायर डब्याच्या बाजूने बाहेर काढा, वरून नको, आणि डबा हवाबंद करू नका. लेड-ॲसिड चार्ज होताना थोडा वायू सोडते, त्याला वाट लागते.

केबल ट्रायपॉडच्या पायाला वेलक्रोने किंवा सुतळीने बांधा आणि यंत्राजवळ सैल वळसा ठेवा. बॅटरीला कोणाचा पाय लागला तर झटका ट्रायपॉडच्या पायावर थांबला पाहिजे, प्लगपर्यंत जाता कामा नये. केबल हलली असा नुसता संशय आला तरी लेव्हल आणि बॅकसाइट (मागच्या माहीत असलेल्या बिंदूचं रीडिंग) परत तपासा. धुऱ्यावर उभं राहून भांडणारे दोन भाऊ तुमच्या दहा मिलिमीटरच्या चुकीवर पुढची पंधरा वर्षं तारखा करतात. यंत्र वर गोल फिरताना केबल गुंडाळली जात नाही ना, तेही बघा. पुरवठ्याचा प्लग फिरत्या भागावर असलेल्या यंत्रांत जिथून सुरुवात केली तिकडेच परत फिरवायची सवय लावा.

धानपट्ट्यात, गोंदिया-भंडाऱ्याकडे, बंधीत पाणी असताना बॅटरी खाली ठेवायला जागाच नसते. तिथे ट्रायपॉडच्या तीन पायांच्या मध्ये पिशवी लटकवा. वजनाने ट्रायपॉड उलट घट्ट बसतो, पण पिशवी वाऱ्याने झुलू देऊ नका.

एप्रिल ते जूनमध्ये दुपारी ढग भरून आले आणि गडगडाट ऐकू आला की बेसचा पोल आधी उतरवा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलमध्ये ठेवा, विजेची आगाऊ सूचना मिळते. आकाश गरजत असताना मोकळ्या वावरात धातूचा पोल धरून उभं राहण्याइतकं महत्त्वाचं कुठलंच रीडिंग नसतं.

सातवी पायरी: चार्जिंग आणि ऊन

चार्जर बॅटरीच्या जातीचा पाहिजे. लेड-ॲसिडला रोजच्या वापरात १४.४ व्होल्टच्या आसपास भरून मग तरंगतं १३.५ ते १३.८ ठेवणारा, चार सेलच्या एलएफपीला १४.६ वर थांबणारा. फवारणी पंपासोबत येणारा चार्जर पंपाच्या बॅटरीला ठीक, एलएफपीला लावू नका. आणि कुठल्याही चार्जरवर बॅटरी असताना यंत्र जोडू नका, कारण तेव्हा तारांवर चौदाहून जास्त व्होल्ट असतात.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, म्हणजे दुपारी पत्र्याच्या खोलीत चार्जिंग बंद. बॅटरी आधी थंड होऊ द्या आणि रात्री लावा. लेड-ॲसिडचा आयुष्याचा आकडा २५ अंशांसाठी लिहिलेला असतो. दर दहा अंशांच्या वाढीला ते साधारण निम्मं होतं. जीपच्या बंद टपात बॅटरी ठेवून जेवायला जाणं ही तिची सगळ्यात मोठी शिक्षा.

शेतीची लाइन पाळीने येते, कधी दिवसा कधी रात्री, त्यामुळे वावरातल्या मोटरघरात चार्जिंगचा भरवसा धरू नका. मुक्काम गावात असेल तर गावठाणातल्या घरी किंवा ग्रामपंचायतीत लावा. लाइट फडफडू लागला, बल्ब एकदम प्रखर झाला की चार्जर ताबडतोब काढा. न्यूट्रल तुटला तर घरात २३० ऐवजी तीनशेच्या वर येऊ शकतात. गावात लाइनच नसेल अशा कामावर ४० वॅटचं पॅनल आणि चार्ज कंट्रोलर न्या. चांगल्या उन्हात दिवसाला दीडशे वॅट-तासांच्या आसपास निघतात, एका टोटल स्टेशनला ते पुरून उरतात. पॅनल मात्र कंट्रोलरशिवाय कशालाच जोडायचं नाही. "१२ व्होल्ट" लिहिलेलं पॅनल लोड नसताना एकवीस-बावीस व्होल्ट देतं.

किती उरली हे कसं ओळखायचं? लेड-ॲसिड दोन-तीन तास विसावली की मीटरवर वाचता येते: १२.८ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, घरी जा. एलएफपीचं तसं नाही. ती सत्तर टक्क्यांवरही १३.२ आणि चाळीसवरही जवळपास तेवढीच दाखवते. तिचा हिशेब वहीत ठेवा: किती तास चालवली, शेवटची कधी भरली. टक्के दाखवणारा छोटा शंट मीटर मिळतो, रेडिओ चालवत असाल तर तो घेण्यासारखा आहे.

मोजणीचा हंगाम संपून पावसाळ्यात बॅटरी कपाटात गेली तर लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी परत भरा. रिकामी ठेवली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती पुन्हा उठत नाही. एलएफपी निम्मी-पाऊण भरून थंड जागी ठेवा. फुगलेली लिथियम बॅटरी वापरूही नका आणि कचऱ्यातही टाकू नका. मेलेली लेड-ॲसिड भंगारवाल्याला फोडायला देण्याऐवजी नवी घेताना दुकानातच परत द्या, जुन्या शिशाचे पैसे बिलातून वजा होतात.